पान उघडत नाही

१४ नोव्हें., शुक्र.
सहावा दिवस. कंडक्टर आले नाहीत.
शिलाईच्या दुकानातल्या मागच्या वर्षीच्या माप-वहीची कोरी पानं उरली होती, त्यात लिहायला घेतलंय. पोलीस दर वेळी तारखा विचारतात आणि मी गोंधळते.
नवऱ्याला कंडक्टर म्हणते म्हणून प्रज्ञा चिडते. चिडू दे. लेकीला काय कळतंय. तीस वर्षं गाडीवर काढली, रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी ह्या माणसाची ड्युटी संपली नाही. दोन वर्षांपासून डोक्यातलं एकेक निघून चाललंय. माझं नाव जातं, प्रज्ञाचं जातं, पण कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते ते जात नाही. रोज सकाळी स्टँडवर जायचं, दिसेल त्या गाडीत चढायचं. सगळे ओळखीचे, तिकीट कोण मागणार. "पुढे सरका, पुढे सरका" करत कधी दोंडाईचा, कधी जळगाव. तिकडचे लोक चहा पाजून परतीच्या गाडीत बसवून द्यायचे. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही, म्हणून मी निर्धास्त. रविवारी मी मशीनवर होते. "निघतो गं, गाडी लागली," म्हणाले. मी मान वर न करता "या" म्हटलं.
मान वर करायला काय धाड भरली होती मला.

१५ नोव्हें., शनि.
ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी "येतील हो, जातात कुठे" म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हा तोंडाला येईल ते बोलून आले होते. आज वर्षा मॅडम होत्या. शिपाई आहेत, वयाने प्रज्ञाएवढ्या. नीट बसवून घेतलं. अंगावर काय होतं विचारलं. पांढरा शर्ट, खाकी पँट, म्हणून सांगितलं. खूण काय? उजव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं, तिकिटं पंच करून करून.
मग हळूच म्हणाल्या, "अक्का, एक सांगते, मन घट्ट करा." पोलिसांच्या साइटवर एक पान असतं. अनोळखी मृतदेहांचं. कुठे कोण सापडलं, फोटो, कपडे, सगळं चढवतात. रोज सकाळी बघत जा म्हणाल्या. कारण ठाणी अशी माणसं फार दिवस ठेवत नाहीत. पाच-सहा दिवस वाट बघतात, मग मातीत.
माझ्या मोबाइलवर काढून दिलं. मी तिथे पाहिलं नाही. घरी येऊन पाहिलं. बावीस फोटो. एकेक बोटाने सरकवला.
नाहीत.
घटाघटा तांब्याभर पाणी प्यायले.

१६ नोव्हें., रवि.
पान पाहिलं. नाही.
सहा डिसेंबरचे पांढरे शर्ट आहेत हातात. विहारातले अकरा जण, ह्या वर्षी सगळ्यांनी एकाच ताग्यातलं कापड घ्यायचं ठरवलं, अंगची, विणीतलीच बारीक रेघ आहे त्याला. पाच झालेत, सहा बाकी. काम थांबवावं म्हटलं तर हात रिकामे राहून डोकं खातं. शिवत बसले.

१७ नोव्हें., सोम.
पा. नाही.
प्रज्ञा जळगावहून आली. दोघी स्टँडवर गेलो. एक ड्रायव्हर म्हणतो रविवारी सोनगीरला उतरताना पाहिलं. दुसरा म्हणतो छे, मीच त्यांना मंगळवारी इंदूरच्या गाडीत पाहिलं. तिसऱ्याने सांगितलं फैजपूरला केळीच्या गाड्या भरतात तिथे एक म्हातारा लोकांना पुढे सरका म्हणतो. फैजपूरला प्रज्ञाने फोन लावले. तो म्हातारा तिथलाच निघाला.
सगळ्यांनी त्यांना पाहिलंय आणि एकानेही उतरवून घेतलं नाही. "साहेब ड्युटीवर असतील असं वाटलं."

१९ नोव्हें., बुध.
पा. नाही. काल पण नाही.
सवय झाली बघा. चहा टाकायचा, उकळी यायच्या आत पान बघायचं. नाही दिसलं की चहा गोड लागतो. लोकांची मेलेली माणसं बघून माझा चहा गोड होतो, किती नीच झाले मी. आज एका बाईचा फोटो होता, हातात हिरव्या बांगड्या. तिच्या घरचं कुणी बघत असेल का हे पान?
प्रज्ञा परत गेली. शाळा आहे तिची.

२० नोव्हें., गुरु.
पान उघडत नाही. गोल गोल फिरतं आणि पांढरं राहतं. चहा उकळून उतू गेला.
दुपारी, नाही. संध्याकाळी, नाही.
वर्षा मॅडम म्हणाल्या ऑफिसातही उघडत नाहीये, उद्या होईल.

२१ नोव्हें., शुक्र.
नाही उघडत.
पेपरात आलंय. पोलिसांच्या संकेतस्थळावर सायबर हल्ला. कुठल्याशा टोळीने इंटरनेटवर जाहीर केलं की आम्ही केलं, पोलिसांना धडा शिकवतो. खाली खात्याचं म्हणणं, नागरिकांच्या माहितीला धोका नाही. वा रे वा. माहिती मिळतच नाही, तिला कसला आलाय धोका.
सलीमभाईंकडे गेले. माझ्या शेजारीच त्यांचं मोबाइलचं दुकान, वीस वर्षांचा शेजार. त्यांनी समजावलं. कोणी काही चोरलं नाही, फोडलं नाही. नुसती लाखो खोटी माणसं एकदम दारात पाठवलीत, यंत्राने बनवलेली. त्यांना आत काही काम नाही. त्यामुळे कामाच्या माणसाला आत जाता येत नाही.
म्हटलं कळलं. गाडीच्या पायरीवर खोटे पॅसेंजर लोंबकळवून ठेवलेत.
कंडक्टर असते तर दोन मिनिटांत उतरवले असते सगळ्यांना.

२२ नोव्हें., शनि.
नाही उघडत. सकाळपासून चाळीस-पन्नास वेळा दाबलं असेल. सुईला दोरा घालते, दाबते. बाही लावते, दाबते. शर्टाची कॉलर उलटी लागली, उसवली.
त्यांचं पोलिसांशी काय वैर असेल ते असो. माझंही होतं, पहिल्या दिवशी. पण त्या साइटवर हे एक पान आहे हे त्यांना ठाऊक तरी असेल का? मला त्यांच्यापैकी एक कुणी समोर पाहिजे. शिव्या नाही देणार. नुसतं बसवून विचारीन, बाबा, तुझ्या घरी कोण आहे?

२३ नोव्हें., रवि.
विहारात वंदना झाल्यावर मी उठून उभी राहिले. आयुष्यात माइक धरला नव्हता. म्हटलं, माझी सगळ्यांना विनंती आहे. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरून हे पान उघडत राहा. कुणाचं तरी उघडेल. ज्याचं उघडेल त्याने फोटो काढून मला पाठवा.
लोक लागलेच. बायका पोथी ठेवून मोबाइल घेऊन बसल्या. सुरतेला, नाशकाला, जळगावला नातेवाइकांना मेसेज गेले. सलीमभाईंनी दुकानातले तीन कॉम्प्युटर असे लावून दिले की आपोआप, माणसाने हात न लावता, दर दोन सेकंदाला पान मागत राहतील.
पहिल्यांदाच वाटलं मी एकटी नाही.

२४ नोव्हें., सोम.
आगीतून फुफाट्यात.
वर्षा मॅडमना मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले की आमची दीडशे माणसं लागलीत कामाला. त्यांनी कपाळाला हात लावला. "अक्का, हल्ला म्हणजे हेच तर असतं हो." मला घामच फुटला. म्हणाल्या, लाखोंच्या पुढे तुमची दीडशे म्हणजे समुद्रात चूळ, तुमच्यामुळे काही अडलेलं नाही, रडू नका. पण मुंबईला जे लोक दुरुस्ती करतायत ते आता फार वेळा पान मागणारे पत्ते शोधून शोधून बंद करतायत. कोण हल्लेखोर आणि कोण घरचं माणूस शोधतंय हे यंत्राला कसं कळणार.
दुकानात आले तर सलीमभाईंच्या तिन्ही स्क्रीनवर एकच ओळ. तुम्हाला प्रवेश नाकारण्यात आला आहे. दुकानातलं इंटरनेट मी पण वापरते, माझ्या मोबाइलवर पण तेच.
चोर सोडून संन्याशाला फाशी. सलीमभाई दहादा माफी मागत होते. त्यांची काय चूक, भल्यासाठीच केलं.
विहारात सगळ्यांना थांबा म्हणून निरोप दिला. काही जण थांबले नाहीत. "अक्का, आम्ही सोडणार नाही," म्हणतात.

२५ नोव्हें., मंगळ.
काही नाही. म्हणजे नाहीत असं नाही, कळतच नाही.
"नाही" हा शब्द किती मोठा होता ते आता कळतंय.

२७ नोव्हें., गुरु.
आठवा दिवस बंद. वर्षा मॅडमना विचारलं, साइट नव्हती तेव्हा काय करायचे तुम्ही? म्हणाल्या, फोटो चिकटवायचे भिंतीवर, वायरलेसवर सांगायचे, पोलीस ठाण्यांतून माणूस फिरायचा. मग आता करा ना तसं. म्हणाल्या, आता तसं कोणी करत नाही, साइट आहे ना.
त्यांनी स्वतः मात्र दोन-चार ठाण्यांना फोन लावले. सगळीकडे एकच, साइट चालू झाली की चढवतो.
मी हायवेच्या एका ठाण्यात स्वतः गेले. फौजदार बंदोबस्ताला गेलेले. टेबलावरचा म्हणाला, "मावशी, ऑनलाइन बघा."

२९ नोव्हें., शनि.
साइट चालू झाली. माझ्याकडे नाही, मला अजून प्रवेश नाकारण्यातच आलाय. प्रज्ञाने जळगावहून बघून सांगितलं. स्क्रीनचे फोटो पाठवले एकामागून एक.
१९ तारखेपर्यंतचे सगळे जुने. मी पाहिलेले. हिरव्या बांगड्यावाली अजून तिथेच. त्यानंतर एकदम आजची तारीख, दोन पुरुष. आपले नाहीत.
मधल्या दिवसांचं काहीच नाही. प्रज्ञा म्हणाली, "आई, बहुतेक त्या दिवसांत कुणी सापडलं नसेल." मास्तरीण आहे ना, तिच्या वहीत कोरी जागा म्हणजे शून्य.

१ डिसें., सोम.
वर्षा मॅडम दुकानात आल्या. साध्या कपड्यात. चहा नको म्हणाल्या तेव्हाच मी मशीन थांबवलं.
हायवेवरच्या एका ठाण्यात, नाव लिहीत नाही, मॅडमना त्रास नको, २० तारखेला पाटाच्या पाण्यात एक पुरुष सापडला. पन्नास ते पासष्ट वयाचा. दोन-तीन दिवस पाण्यात होता, चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. अंगात पांढरा शर्ट. पान बंद होतं म्हणून चढवलं नाही. कुणी आलं नाही म्हणून २५ तारखेला पुरलं.
२० ते २५. मी पान दाबत बसले होते ते दिवस. तो माणूस इथून तासाभरावर होता.
मला पायांवरून कळलं असतं. अंगठा बघून कळलं असतं. चेहऱ्याची मला गरजच नव्हती.

२ डिसें., मंगळ.
गेलो. वर्षा मॅडमनी रजा टाकली माझ्यासाठी. प्रज्ञा थेट तिथे आली.
कागदात अंगठ्याबद्दल एक शब्द नाही. उंची लिहिलेली, ती अर्ध्या धुळ्याची असेल. पँट काळपट, तयार घेतलेली. खाकी होती का? पाण्याने काळी पडली असेल का? कोण सांगणार. मग गाठोडं सोडलं. शर्ट चिखलाने वाळून पापडासारखा झालेला. हवालदार लांबून दाखवत होता, मी हातात घेतला. कॉलर उलटी केली.
माझं लेबल.
कुणी कॉलर उलटून पाहिलीच नव्हती. त्या पानावर हा शर्ट आला असता तर पहिल्या सकाळी, चहा उकळायच्या आत, मी ओळखला असता. अंगची बारीक रेघ. सहा डिसेंबरच्या ताग्यातला.
प्रज्ञा रडायला लागली. मी तिला म्हटलं थांब. घरच्या कपड्याला मी कधी लेबल लावत नाही. कंडक्टरांच्या एकाही शर्टाला लेबल नाही, घरच्याला कशाला लावायचं. आणि त्या ताग्यातलं त्यांना मी काही शिवलंच नाही. हा गिऱ्हाइकाचा शर्ट आहे.
एवढं बोलले आणि लख्ख डोळ्यासमोर आलं. त्या रविवारी तयार झालेले पाच शर्ट दुकानात दारामागे हँगरला होते. निघताना त्यांनी दारामागून काय घेतलं ते मी पाहिलंच नाही.

३ डिसें., बुध.
घरी कपाट पालथं घातलं. त्यांचे पांढरे शर्ट तीन होते. दोन आहेत. तिसरा मशीन पुसायला फाडला होता की नाही आठवत नाही. पोलिसांना किती ठामपणे सांगितलं होतं मी, पांढरा शर्ट.
मग दुकान. पहिल्या पाचांपैकी दोन मी माझ्या हाताने दिलेत. दोन हँगरला आहेत. पाचवा नाही. माप-वहीशी ताडून पाहिलं, जो नाही तो वामनचा. काल ठाण्यात वितीने मोजला होता, मापही वामनचंच भरतंय.
वामन दोंडाईच्याचा, माझ्या मावसदिराचा मुलगा. चाळिशी-पन्नाशीतला, ट्रकवर हमाली करतो, आज सुरत उद्या इंदूर, सहा डिसेंबरला मात्र आमच्याच विहारात. नात्यातली सगळी माणसं माझ्या दुकानात तशीच. आपलंच दुकान, सांगायचं नाही विचारायचं नाही, हँगरवरून आपला शर्ट काढायचा आणि चालू लागायचं. दहादा ओरडले असेन, सांगून न्या रे. कोण ऐकतंय.
म्हणजे एक तर वामन येऊन शर्ट घेऊन गेला, नाहीतर कंडक्टर घालून गेले.
फोन केला की कळेल. मोबाइल हातात घेऊन बसले. वामन, तू फोन उचलून "अक्का, मन्हा शर्ट व्हयना का?" असं, झाला का म्हणून, विचारू नकोस रे. एवढं एक विचारू नकोस.
लावला. बंद आहे.

४ डिसें., गुरु.
अजून बंद. शेवटी त्याच्या बायकोला लावला, सुमनला. काय विचारू सुचेना. म्हटलं शर्ट नेला का गं वामनने? ती म्हणाली माहीत नाही, त्या (नवऱ्याला ती असंच म्हणते) दिवाळीनंतर ट्रकवर गेल्यात ते आल्याच नाहीत. फोन बंद. पण काळजी नाही तिला. "त्या नेहमीच असा जातस अक्का. येतीन."
दिवाळीनंतर. दीड महिना होत आला. पोलिसांत सांगितलंस का? कसाले, म्हणते.
मी लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. हायसं वाटलं. मला तो वामन हवा आहे. दोन लहान मुली आहेत त्याला, आणि मला तो त्या पाटात हवा आहे.

५ डिसें., शुक्र.
वर्षा मॅडम म्हणाल्या, लपवून चालणार नाही, सुमनला बोलवा. पुरायच्या आधी हाडाचा नमुना काढून ठेवलाय, तो दोन्ही घरांशी जुळवून बघता येईल. प्रज्ञाचं रक्त घेतलं. सुमनच्या मोठीचं घेतलं.
दवाखान्याबाहेर बाकावर सुमन आणि मी दोन टोकांना. मग तिने विचारलं, शर्ट कसा होता. सांगितलं. आधी येऊन त्याच घेऊन गेल्या असतील का, म्हणाली. मी म्हटलं असतील. कंडक्टरभाऊ घालून गेले असतील का? म्हटलं असतील.
"मन्हा नवरा जिता शे," ती म्हणाली.
माझाही, असं मला म्हणता आलं नाही. तिच्या मांडीवर धाकटी झोपली होती.
रिपोर्टला किती दिवस लागतील? कुणी सांगत नाही. महिना, सहा महिने. प्रयोगशाळेत रांग आहे.

६ डिसें., शनि.
विहारात अख्खी आळी पांढरी. माझ्याच ताग्यातले दहा शर्ट समोर बसले होते, एका ओळीत. मला बुद्ध दिसेना, बाबासाहेब दिसेनात, मी शिवणी बघत होते. एकाची खांद्यावरची शिवण ओढली गेलीय.
मेणबत्ती लावताना काय मागावं कळलं नाही. आपल्यात मागायचं नसतंच. नुसती लावली. काही बायका विचारत होत्या, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन करून घ्यायचं का आता. मी म्हटलं कुणाचं करू?

८ डिसें., सोम.
सकाळी सुमनचा फोन. त्या दिवशीनंतर पहिलाच. माले बी दखाड ना ते पान, म्हणाली. फोनवरून एकेक सांगत शिकवलं. इथे दाब, आता खाली सरकव, आता तारीख बघ. तिला वाचता कमी येतं, फोटो मोठा कसा करायचा ते सांगितलं. माझ्याकडे कालपासून प्रवेश नाकारत नाहीत, परत उघडतंय. दोघींनी एकदमच पाहिलं, ती तिथे, मी इथे. तिला प्रत्येक फोटोला मी सांगत होते, हा नाही, हा पण नाही.
कुणीच नाही. तिने हुश्श केलं ते मला ऐकू आलं.
फोन ठेवल्यावर मग डोक्यात शिरलं. त्या पाटातला वामन असेल तर माझे कुठेतरी फिरतायत, मला हे पान रोज बघावं लागणार. माझे असतील तर तिला बघावं लागणार. रिपोर्ट आला की आमच्यातल्या एकीचं हे बघणं संपेल. आणि दोघींनाही ते संपायला नकोय.
पुढच्या वर्षीही मीच रोज सकाळी हे पान बघत बसलेली असावी. दहा वर्षं बघेन. चहा उतू गेला तरी चालेल.

११ डिसें., गुरु.
पान परत उघडत नाही. गोल गोल फिरतंय.
सलीमभाई म्हणाले, तेच लोक दुसऱ्यांदा लागलेत म्हणे, ह्या वेळी अजून जास्त माणसं घेऊन. वर्षा मॅडमचा फोन लागत नाही. त्या मधल्या दिवसांतले अजून काही ठाण्यांनी चढवलेच नव्हते, ते आज चढवणार होते. त्यात अजून कोण आहेत देव जाणे. देव म्हणायचं नाही, तरी येतं तोंडात.
सुमनने सकाळपासून तीनदा फोन केला. मी उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. खरं ते सांगितलं, बंद आहे गं, आज काही दिसणार नाही. ती रडेल असं वाटलं होतं. मागे तिच्या मुलींचा आवाज येत होता.
"बरं व्हयनं अक्का," म्हणाली. "आज कोनीच मरनं नही."
मी हो म्हटलं. फोन ठेवला, आणि एकदा दाबून पाहिलं.